बिनखुणेचा खांब

१

खर्ड्याचा बाजार मागे टाकून जामखेडच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला आमची लाकडाची वखार लागते. फळीवर नाव माझ्या नवऱ्याचं, रंगनाथचं. पण कुठलं लाकूड घ्यायचं आणि कुठलं माघारी धाडायचं ते मी, कडूबाई, ठरवते, हे साऱ्या तालुक्याला ठाऊक आहे. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. ज्या माणसाशी रोज उठून भांडायचं, त्याला हाक तरी काय मारणार?

लोक येतात आणि लाकडाचा रंग बघतात. रंगाला काय करायचंय? मोटारीचं जळकं ऑईल फासलं की सगळी लाकडं सारखीच काळी. मी आधी टोक हुंगते. मग एका बाजूनं उचलून वजन बघते, नखानं रेघ ओढते आणि शेवटी जीभ लावते. हसणाऱ्यांनी हसावं. कच्च्या लाकडात गोडी असते. त्या गोडीसाठीच वाळवी येते, भुंगा येतो, पावसाळ्यात बुरशी येते. घरात, छपराखाली राहणाऱ्या लाकडाचं एक वेळ चालून जातं. जे बाहेर उन्हापावसात, मातीत पाय रोवून उभं राहणार, त्यातली गोडी काढून घेतल्याशिवाय ते टिकत नाही.

ती काढायची रीत अशी. ओलं लाकूड गावच्या तळ्यात बुडवायचं, वर धोंडे ठेवायचे आणि एक पावसाळा त्याला विसरून जायचं. पाणी आत शिरतं आणि गोडी बाहेर ओढतं. बाहेर काढलं की असा वास सुटतो की नवी सून असली तर माहेरी पळून जावी. मग सावलीत आडवं ठेवून वाळवायचं, आणि मातीत जाणाऱ्या टोकाला बिब्ब्याचं तेल पाजायचं. याला आम्ही लाकूड मुरवणं म्हणतो.

तळं सगळ्यांचं. म्हणून बुडवण्याआधी ज्यानं त्यानं लाकडाच्या डोक्यावर पटाशीनं आपल्या घराची खूण करायची. आमची खूण चिमणीच्या पायासारखी. दुसऱ्याच्या खुणेला कुणी हात लावत नाही. बिनखुणेचं लाकूड निघालंच, तर ते काठावर ठेवून द्यायचं, मालक येईपर्यंत. मालक नाही आला तर तिथंच राहू द्यायचं. असं का, हे मी सासूला विचारलं होतं. ती म्हणाली, "इचारू नगं, ठिवून दे." मला विचारू नको म्हटलेलं आवडत नाही. पण तिला तरी कुठं ठाऊक होतं?

२

बहात्तर साली तळं आटलं. उसतोडीला गेलेली माणसं तिकडंच राहिली, मागं राहिलेली खडी फोडायला जाऊ लागली. लोक आपल्या घरांच्या चौकटी उखडून आमच्याकडे विकायला आणत. मी घेत नव्हते. दुसऱ्याच्या घराची चौकट वखारीत उभी करून तिच्यातून रोज जा-ये करायची, हे माझ्यानं होत नव्हतं.

आमच्या लेकीनं, झुंबरनं, नगरला सावेडीत नवं घर बांधायला घेतलं होतं. तिच्या घराच्या बाहेरच्या ओट्यासाठी आम्ही खांब तळ्यात घातले होते. तळ्याचा चिखल भेगाळला तसे ते उघडे पडले. रंगनाथ आणि आमचा गाडीवान बन्सी ते काढायला गेले, आणि दुपारी गाडी परत आली तेव्हा तिच्यावर आमच्या खांबांशेजारी एक खांब जास्तीचा होता.

"ह्यो कुनाचा?" मी विचारलं.

"खूनच न्हाई," रंगनाथ म्हणाले. "आपल्या खांबांच्या खाली हुता, पार तळाला. कवापास्नं पडला आसंल, देव जाणं."

"मग काठावर ठिवायचा. हितं कशाला आणला?"

"काठावर ठिवला तर सांच्यापत्तुर कुनाच्या तरी चुलीत जाईल. माणसं दारं जाळाया लागल्यात, कडू. आन ह्ये लाकूड बघ तरी आदी."

मी बघितलं. कुठं चीर नाही, गाठ नाही. नख ओढलं तर रेघ उमटेना. नुकतं चिखलातून निघालेलं, आणि अंग कोरडं. जीभ लावली. काही नाही. गोड नाही, कडू नाही, मातीचीसुद्धा चव नाही. मग टोक हुंगलं, आणि तिथं मी थांबले.

तळ्यातून निघालेलं लाकूड, आणि त्याला वास नाही. मला वाटलं, माझं नाक म्हातारं झालं. म्हणून शेजारचा आमचा खांब हुंगला, आणि पदर नाकाला लावला. नाक जाग्यावर होतं. या खांबाला वासच नव्हता. तळ्याचा नाही, आणि लाकडाचाही नाही.

"ह्याला वास न्हाई," मी म्हणाले.

"जलमभर वास येतो म्हनून भांडलीस. आता येत न्हाई म्हनून भांड."

बन्सी खिंकाळला. मीही हसले. पण खांब परत नेऊन ठेवा, असं मी मोठ्यानं म्हणाले, दोनदा म्हणाले, आणि बन्सीनं ते ऐकलं आहे. रंगनाथ ऐकणाऱ्यातले नव्हते. चांगलं लाकूड जळताना त्यांना बघवत नसे. लग्नात मांडवाचा वासा तुटला तरी हा माणूस हळहळणारा. त्यांनी पटाशी घेतली आणि त्या खांबाच्या डोक्यावर आमच्या घराची खूण करायला बसले. पटाशी दोनदा निसटली. तिसऱ्यांदा धरली.

"झालं," ते म्हणाले. "आता कुनी हात लावायचा न्हाई."

खरं सांगायचं तर माझ्या सगळ्या परीक्षांत तो खांब उतरला होता. बाहेर उभं करायला त्याहून चांगलं लाकूड माझ्या हाताखालून गेलेलं नाही. उद्या कुणी तसाच आणून टाकला तरी मला वासापलीकडे बोट ठेवायला जागा मिळणार नाही.

३

वखारीच्या पुढच्या छपराचा मधला खांब वाळवीनं खाल्ला होता. रंगनाथनी तो काढून तिथं हा उभा केला. खांब उभा करताना बुडखा खाली आणि शेंडा वर, हे बघायचं असतं. पण हा दोन्हीकडे सारखाच जाड. बुडखा कुठला ते त्यांनाही सांगता येईना.

"दोन्ही बी बुडखंच समज," ते म्हणाले.

दुपारी गिऱ्हाईक नसायचं. रंगनाथ त्या खांबाला पाठ टेकून बसू लागले. "लई गार वाटतं," म्हणायचे. मी हात लावून बघितला. पत्रा तापलेला, खालची माती तापलेली, आणि खांब गारही नव्हता न् गरमही नव्हता. हात कशावर ठेवलाय तेच हाताला कळत नव्हतं.

वाळवीच्या मातीच्या नळ्या जमिनीवरून त्या खांबाकडे यायच्या, हातभर अलीकडे थांबायच्या आणि वळसा घालून निघून जायच्या. मला अभिमान वाटला. येईल त्याला मी ते दाखवायची. म्हणायची, याला म्हणतात मुरलेलं लाकूड, वाळवी जवळ जाऊन माघारी येते.

मग माश्यांचं ध्यानात आलं. त्या साली शिवारात मरून पडलेल्या जनावरांमुळे माश्या अशा झाल्या होत्या की एका हातानं भाकरी खायची आणि दुसऱ्यानं वारायचं. रंगनाथ दोन्ही हात मोकळे ठेवून जेवायला बसायचे. त्यांच्या ताटावर माशी नसायची. मी म्हटलं, खांबामुळे असेल. बिब्ब्यासारखं काहीतरी त्यात मुरलं असेल, त्याचा उग्रपणा आपल्याला कळत नाही, माश्यांना कळतो. एकदा मी त्यांचं ताट खांबापासून लांब, चुलीपाशी वाढलं. ते उठून आले, बसले. माझ्या ताटावर माश्या बसलेल्या. त्यांच्या ताटावर नाही.

टँकरचं पाणी यायचं ते घागरीनं वाटून. रंगनाथ आपला तांब्या माझ्याकडं सरकवायला लागले.

"तू पी. मला तहान न्हाई."

"उपकार नकोत मला तुमचे."

"उपकार कसलं? न्हाईच लागत."

भाकरीही अर्धी राहायची, मग अख्खी. म्हातारा माझ्यासाठी उपाशी राहतोय असं वाटून मला राग आला, आणि आत कुठंतरी बरंही वाटलं. ते बरं वाटणं आज आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं. कारण उपाशी माणूस खंगतो. त्या साली सगळ्या गावाच्या बरगड्या दिसत होत्या. रंगनाथ होते तसेच होते. गालाचा खड्डा वाढला नाही, दाढीसुद्धा वाढेना.

वय झालं, उन्हाळा आहे, काळजी आहे, असं मी मनाला सांगत राहिले. माझं मन तसं ऐकणारं नाही, पण त्या दिवसांत ऐकायचं.

खटकलं ते निराळंच. ते भांडेनात. माझ्याकडे एक खास टोमणा आहे, फार जपून वापरते: "तुमच्या बापानं बांधलेला गोठा बैलानं पाठ खाजवली तर पडला." यावर आजवर त्यांनी पागोटं आपटलं नाही असं झालं नव्हतं. मी तो टोमणा मारला. रंगनाथ म्हणाले, "व्हय, पडला हुता," आणि पाठ टेकून बसून राहिले.

४

झुंबर एस.टी.नं आली ती खांब निवडायला. तिच्या शेजारणीनं नगरच्याच कुठल्याशा वखारीतून चकचकीत रंगवलेले खांब घेतले, आणि वर्षाच्या आत पोकळ झाले म्हणे. झुंबर माझी लेक आहे. रंगाला भुलणारी नाही. आमचे मुरलेले खांब एकेक करून तिनं हुंगले, वाजवले, मग छपराखाली आली आणि मधल्या खांबापुढं उभी राहिली.

"आई, ह्योच दे की मला."

"ह्यो न्हाई."

"का?"

"छपराला लावलाय."

"मग छपराला दुसरा लाव. लेकीपेक्षा छप्पर मोठं झालं व्हय?"

मला कारण सांगता येईना. मला, कडूबाईला, कारण सांगता येईना. मी म्हणाले, तुझ्या ओट्याला जोडीनं सारखे खांब पाहिजेत, हा एकटाच आहे.

"दे की," रंगनाथ खांबाला टेकूनच म्हणाले.

लेकीनं काही मागितलं तर हा माणूस आधी देऊन बसायचा आणि मग काय मागितलं ते विचारायचा. लग्नात तिला पाठवताना गाडीमागं वेशीच्या पुढंपर्यंत चालत गेला होता. पण ते 'दे की' त्यांनी असं म्हटलं, जसं कुणी पंक्तीत शेजाऱ्याला मीठ दे म्हणतं. झुंबरनंही ते ऐकलं. तिनं पुन्हा तो खांब मागितला नाही.

निघताना ती वडिलांच्या पाया पडली, मग लहानपणासारखी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "बाबा, बिडी सोडली का काय? तुमचा वासच येत न्हाई." आणि हसली. मग तिनं परत एकदा श्वास आत घेतला. आता ती हसत नव्हती.

एस.टी.ची वाट बघताना ती म्हणाली, "बाबांना आंघोळ कधी घातलीस?"

"पानी कुठाय आंघोळीला? पंधरवडा झाला आसंल."

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली. "मग वास यायला पायजे ना गं."

५

दुसऱ्या दिवशी मी त्यांना आंघोळ घालायची ठरवली. दिवस चांगला वर आला होता. पिण्याच्या पाण्यातली एक घागर मी बाजूला काढली आणि बन्सीच्या बायकोनं, भीमाबाईनं, ते बघून कपाळाला हात लावला.

"अवं माय, पानी काय आंगावं वतायचं दिस हायेत का?"

"नवरा माझा, पानी माझ्या वाटनीचं," मी म्हणाले. "तू जा घरी."

रंगनाथना न्हाणीच्या दगडावर बसवलं. ते ऐकून बसले, पाठ माझ्याकडं करून. एवढ्या वर्षांची ओळखीची पाठ. डाव्या खांद्याखाली वासा लागला होता त्याची खूण, मानेवर तीळ. सगळं जागच्या जागी. मी तांब्या भरला आणि हळूच ओतला.

पाणी पाठीवर थांबलंच नाही. अळूच्या पानावरून घरंगळतं तसं थेंब थेंब होऊन निघून गेलं. मी पुन्हा ओतलं. हातानं चोळलं. हात ओला झाला, पाठ झाली नाही. खाली वाकून बघितलं तर दगडाच्या पन्हाळीत सगळं पाणी साचलेलं, ओतलं तेवढं, आणि तितकंच निवळ. एवढ्या दिवसांची धूळ, घाम, काही काही त्यात उतरलेलं नव्हतं.

"बरं झालं," रंगनाथ म्हणाले. त्यांनी मान वळवली नव्हती. "पानी वाया गेलं न्हाई. भर घागरीत."

मी ते पाणी घागरीत भरलं. दुष्काळ होता. पिताना मात्र मी त्याला तोंड लावलं नाही, आणि दारातल्या तुळशीला घातलं.

उन्हानं डोळे दिपले असतील. अंगाला तेल असेल. पण तेल कुठून येणार? खायला तेल नव्हतं तेव्हा.

६

जामखेडच्या डॉक्टरानं छातीला नळी लावली, एका जागी, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. बराच वेळ ऐकत होता. मग म्हणाला, "तब्येत ठणठणीत आहे बाबांची," आणि नळी पुसत राहिला. आम्ही निघालो तेव्हाही पुसतच होता.

परत आल्यावर मी बन्सीला बोलावलं. "तो खांब काढ. आत्ताच्या आत्ता. तळ्याच्या काठावर नेऊन टाक."

"आन छपराला वो?"

"बाभळीचा टेकू लाव."

"कच्ची हाय बाभळ. चार महिन्यांत वाळवी खाईल."

"मुरवायला तळ्यात पानी हाय का? लाव म्हनले ना."

बन्सीनं खणायला घेतलं. रंगनाथ खांबाला टेकून बसले होते ते थोडे पुढं सरकले, एवढंच. पाठ तशीच ताठ, टेकलेली असावी तशी. खांब निघाला तेव्हा खालची माती कोरडी, स्वच्छ. मुंगी नाही, मूळ नाही. बन्सीनं खांब आडवा केला आणि एकाएकी नाक फेंदारलं.

"ह्याला आता वास येतोय की वो, मायबाई."

मी खाली बसले. सवयीनं टोक हुंगलं नाही. मधे, जिथं पाठ टेकायची तिथं नाक नेलं. बिडीचा वास होता. घामाचा. गूळ घालून केलेल्या चहाचा, जो ते मिशीला लावून ठेवायचे. लेकीला खांद्यावर घेऊन फिरायचे तेव्हा त्यांच्या सदऱ्याला यायचा तो वास होता. माझ्या नवऱ्याचा वास, सगळा.

बन्सी बघत होता, तरी मी जीभ लावली.

तो गोड होता.

"ने," मी म्हणाले. गाडी दारात उभी होती, आणि ते लाकूड घरात नको एवढंच मला कळत होतं. "ने आदी हितनं."

बन्सी घेऊन गेला. मी रात्रभर त्या वासाचा विचार करत पडून राहिले. अंथरुणात शेजारी माणूस होता आणि अंथरुणाला वास फक्त माझा होता. उजाडल्यावर मला दुसरं सुचलं. जे काढून नेलं गेलंय ते तिथं आहे. तळ्यातलं पाणी गोडी ओढतं आणि परत देत नाही, हे खरं; पण खांब म्हणजे पाणी नव्हे. तो घरी आणावा, रंगनाथशेजारी ठेवावा, त्यांची पाठ त्याला पुन्हा टेकवावी, उलट बाजूनं. काय करावं ते मला ठाऊक नव्हतं, पण त्या खांबावाचून काहीच करता येणार नव्हतं. मी डोक्यावर पदर ओढला आणि चप्पल न घालता तळ्यावर गेले.

खांब काठावर होता. लांबून अख्खा दिसत होता, डोक्यावर आमची खूण. मी हात लावला आणि बोटं आत गेली. आत नुसती माती, आणि मातीत वाळवी, पांढरी, गच्च, भरलेल्या पोटानं सावकाश हलणारी. एका रात्रीत. दुष्काळात उपाशी होती बिचारी तीसुद्धा. मी मुठीनं माती उचलून हुंगली. मातीचाच वास होता.

मी तिथं बसून राहिले. मोठ्यानं रडायची मला सवय नाही. बाईनं मोठ्यानं बोलावं, रडावं हळू, असं मी लेकीला शिकवलंय. त्या दिवशी हळू रडले आणि ऊन चढल्यावर घरी आले.

रंगनाथ छपराखाली बसले होते. कशालाही न टेकता.

"कुठं गेलतीस?" असं विचारतील म्हणून मी उंबऱ्याशी थांबले. नाही विचारलं.

७

पुढच्या वैशाखात वळवाचा वारा सुटला. अजून थेंब नव्हता, नुसती धूळ. मी छपराखाली वासे नीट रचत होते. उडून जातील म्हणून घाई करत होते, आणि रंगनाथ पलीकडं आपल्या जागी बसले होते. बाभळीच्या टेकूकडे मी रोज बघत असे. बाहेरून नीट होता. कच्चं लाकूड बाहेरून नीटच असतं.

आधी बारीक आवाज आला, पापड मोडल्यासारखा. मी वर बघितलं. टेकू मधेच खचला होता आणि छपराची तुळई, तिच्यावरचे वासे आणि पत्रे, सगळं एका बाजूनं खाली यायला लागलं होतं. हळू येत होतं, असं मला आठवतं. मला उठता आलं असतं. मी हातातला वासा धरून बघतच राहिले.

रंगनाथ उठले.

वर्षभर त्यांना मी घाईनं उठताना बघितलं नव्हतं. आताही ते घाईनं उठले नाहीत. पण माझ्या आणि तुळईच्या मधे ते होते. त्यांनी हात वर केले नाहीत. नुसते जाऊन तिच्याखाली उभे राहिले, आणि ती खाली येता येता थांबली.

धूळ बसली तेव्हा मी त्यांच्या पायांशी होते.

"अवं," मी म्हणाले. "अवं, लागलं का?"

"न्हाई."

"थांबा. बन्सीला हाक मारते. टेकू आनतो, मग बाजूला व्हा."

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. मग जुन्या दिवसांसारख्या समाधानानं म्हणाले, "लई बरं वाटतंय, कडू." कितीतरी महिन्यांनी त्यांनी माझं नाव घेतलं होतं.

बन्सी आला, त्यानं दोन्ही बाजूंना टेकू ठोकले. तुळईवरचा भार सुटला. मी म्हणाले, "आता या." बन्सी म्हणाला, "मालक, या आता." त्यानं त्यांच्या दंडाला धरलं, आणि मग सोडलं, आणि आपला हात धोतराला पुसला. माझ्याकडं न बघता तो गाडीकडं गेला. त्यानंतर तो आमच्या छपराखाली आलेला नाही. लाकूड रस्त्यावर उतरवतो.

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. तुळईच्या सावलीत होतं, नीट दिसलं नाही. खाली पायांकडं मी बघितलं नाही. अजूनही बघत नाही. तिथली माती झाडताना मी पदर मधे धरते.

ते माझ्यासाठी उठले, असं झुंबर म्हणते. तिला तसं वाटू दे. मीही तसंच म्हणते, चारचौघांत. पण तुळई खाली येत होती आणि तिच्याखाली उभं राहणारं काही नव्हतं, म्हणून ते उठले असतील, तर? मग मी तिथं असते काय, नसते काय. हा विचार मी रोज बाजूला सारते, आणि रोज तो येऊन बसतो.

८

पाऊस झाला. तळं भरलं. माणसं परतली, चौकटी पुन्हा बसवायला लागली, आणि वखार चालायला लागली. झुंबर दर सणाला येते आणि म्हणते, आई, चल सावेडीला, इथं एकटी काय करतेस. मी म्हणते, एकटी कुठंय? मग ती छपराकडं पाठ करून बसते आणि पदराचं टोक पिळत राहते.

माझे गुडघे गेले. एक डोळा गेला. यंदा तापानं महिनाभर आडवी होते. मला सगळंच खायला उठलंय आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

परवा पाटोद्याकडचं एक नवं गिऱ्हाईक आलं, गोठ्यासाठी खांब बघायला. मी हिशेबाची फळी पुसत होते, म्हणून ते एकटंच छपराखाली फिरत होतं. बऱ्याच वेळानं त्यानं हाक मारली.

"आजी, बाकीचं ठीक हायेत. पर ह्यो मधला लई झ्याक मुरलाय बगा. ह्यो द्यायचा का?"

मी फळी ठेवली. छपराच्या सावलीत त्याचा तळवा वरून खाली फिरत होता, लाकडाचा कस बघताना फिरवतात तसा.

"हात काढ," मी म्हणाले. "त्यो द्यायचा न्हाई."

मी असं म्हणाले की त्यानं हात काढला आणि खांब न घेताच निघून गेला.

ऊन कललं तशी मी पाट घेऊन छपराखाली जाऊन बसले. म्हणाले, "ऐकलंत का, रंगनाथराव? गिऱ्हाईक आलं हुतं तुमाला. म्हातारपनी तरी कुनाला तरी पसंत पडलात."

मी वाट बघितली. यावर या माणसानं काय म्हटलं असतं ते मला पुरतं ठाऊक आहे, शब्दाला शब्द. पत्र्यावर एक कावळा उतरला आणि लगेच उडाला. रस्त्यानं गुरं परत गेली. भीमाबाईच्या घरातून भाजणीचा वास आला.

मग त्यांच्या वाटचं मीच बोलले, त्यांच्यासारखा घोगरा आवाज काढून.

"मग द्यायचं हुतंस की. सुटली आसतीस."

आणि उठता उठता, माझ्या आवाजात, म्हणाले, "न्हाई दिलं."